मोटारखान्याचें दार आणि बिनतारी कळ

अलिबाबाच्या गोष्टींतील गुहेचें दार मंत्र ऐकतांच उघडत असे. मंत्र कोण म्हणतो, याची चौकशी तें करीत नसे. त्यामुळें परका अलिबाबा सुखानें आंत शिरला, आणि मंत्र विसरलेला त्याचा भाऊ कासीम आंत अडकून प्राणास मुकला. परक्यासाठीं उघडणें आणि आपल्या माणसासाठीं न उघडणें, हे दाराचे दोन दोष अमेरिकेंतील मोटारखान्यांच्या इतिहासांतहि जोडीनेंच वावरत आले आहेत.

सन १९२१ मध्यें सी. जी. जॉन्सन यानें वर सरकणारें दार काढलें व १९२६ मध्यें तें विजेनें उचलणारें यंत्र तयार केलें. बिनतारी आज्ञेची कल्पना त्याहून जुनी होती. निकोला टेस्ला यानें १८९८ मध्येंच न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींनीं चालणारी लहानशी नौका लोकांना दाखविली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन कल्पनांचा संयोग झाला आणि भर पावसांत मोटारींतून उतरण्याचे कष्ट वांचले.

परंतु आरंभींच्या कळा, म्हणजे आजचे रिमोट, साधा ठराविक संदेश पाठवीत. एकानें कळ दाबावी आणि शेजाऱ्याचें दार उघडावें, असे प्रकार घडूं लागले. त्यावर उपाय म्हणून कळेंत व यंत्रांत लहान खटक्यांची रांग आली. दोन स्थितींचे ८ खटके असले तर २५६ जुळण्या होतात. १२ असले तर ४,०९६. माणसाला हा आंकडा मोठा, पण यंत्राला क्षुल्लक! २०१५ मध्यें सॅमी कामकार या संशोधकानें मुलांच्या एका खेळण्यांत फेरफार करून अशीं दारें १० सेकंदांच्या आंत उघडतां येतात, हें दाखवून दिलें.

तत्पूर्वीं, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, बदलत्या संकेताची युक्ति प्रचारांत आली होती. तींत प्रत्येक वेळीं कळ नवा संकेत पाठविते, आणि एकदां वापरलेला संकेत यंत्र पुन्हां मानीत नाहीं. चोराची वाट अरुंद झाली, पण धन्याची अडचण वाढली. घरापासून दूर असतांना मुलांनीं कळ वारंवार दाबली, तर तिचा हिशेब यंत्राच्या फार पुढें जातो, आणि कांहीं संचांत दोघांची जुळणी नव्यानें करावी लागते.

याहून विलक्षण प्रसंग २००४ मध्यें फ्लोरिडांतील एग्लिन या हवाईदलाच्या तळाभोंवतीं घडला. तेथें ३८० ते ४०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांतील नवी लष्करी बिनतारी यंत्रणा चालवून पाहतांच परिसरांतील पुष्कळ दारें कळेला जुमानीनाशीं झालीं. कारण त्यांच्या कळा ३९० च्या आसपास बोलत. कळ धड, यंत्र धड. बिघाड होता तो हवेंत! परवान्यावांचून चालणाऱ्या अशा अल्पशक्ति उपकरणांनीं आलेला व्यत्यय सोसावा, असा तेथील कायद्याचा दंडक आहे.

या इतिहासांतच दुरुस्तीचा क्रम सांपडतो. कळ हें मुख, हवा ही वाट आणि यंत्रांतील ग्राहक हा कान. भिंतीवरील बटनानें दार उघडत असेल, तर दोष बहुधा या तिहींपैकीं एकांत असतो. प्रथम मुख पाहावें: अगदीं जवळून दाबल्यावरच कळ चालत असेल, तर सेल क्षीण झालेला असण्याचा संभव अधिक. मग वाट पाहावी: यंत्रांत किंवा त्याजवळ नुकताच बसविलेला एलईडी दिवा काढून पाहावा, असे कांहीं दिवे लहरींत गोंगाट करतात. शेवटीं कान पाहावा: ग्राहकाची लोंबती तार तुटली आहे काय, भिंतीवरील कुलुपाचें बटन चुकून दाबलें गेलें आहे काय, हें तपासून मगच जुळणी पुन्हां करावी.

दार उघडेनासें झालें कीं गृहस्थ तत्काळ धांवपळ करतो. परक्यासाठीं तें उघडूं शकतें, याचा मात्र त्याला पत्ताहि नसतो. म्हणून कळ हरवली किंवा जुनें घर विकत घेतलें, तर जुन्या कळांची ओळख यंत्रांतून पुसून टाकणें हें सेल बदलण्याहून अधिक अगत्याचें आहे.