डाना झाटोपकोव्हा : स्वतःच्या हाताचे यश

भगिनींनो, पतीचे नाव जगभर गाजले की पत्नीच्या कर्तृत्वाकडेही त्याच नावाच्या उजेडात पाहण्याची लोकांना सवय असते. अमक्यांच्या सौभाग्यवती, एवढीच तिची ओळख उरते. खेळांच्या इतिहासात ह्या सवयीस हसत हसत, पण रोखठोक उत्तर देणारी एक स्त्री होऊन गेली. झेकोस्लोव्हाकियाच्या भालाफेकपटू डाना झाटोपकोव्हा ह्या त्या होत.

डानाबाईंचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा. माहेरचे नाव इंग्रोव्हा. पुढे लांब पल्ल्याचे धावपटू म्हणून जगप्रसिद्ध झालेले एमिल झाटोपेक हेही त्याच वर्षी, त्याच दिवशी जन्मले, हा एक मौजेचा योगायोग. २४ ऑक्टोबर १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला. डानाबाई आधी हँडबॉल खेळत. भाला त्यांच्या हाती आला तो त्यानंतर.

स्त्रियांचा भाला ६०० ग्रॅम वजनाचा आणि सुमारे सव्वादोन मीटर लांब असतो. वजन ऐकून काम सोपे वाटेल, पण तसे नाही. धावत येऊन, आखलेल्या रेषेच्या आत स्वतःस रोखून, पाय, कंबर, पाठ आणि खांदा ह्या साऱ्यांचे बळ एका क्षणी हातात आणावे लागते. भाल्याचे टोक प्रथम जमिनीस लागले नाही तर फेक बाद होते. म्हणजे नुसत्या ताकदीचे येथे काही चालत नाही. तेच तेच वर्षानुवर्षे घोटावे लागते.

त्या काळी स्त्रियांना मैदानावर मोकळीकही बेताचीच होती. ऑलिंपिकमध्ये धावण्या-फेकण्याच्या शर्यती स्त्रियांसाठी १९२८ साली सुरू झाल्या, आणि भालाफेक आली १९३२ साली. १९२८ साली स्त्रिया ८०० मीटर धावल्या तेव्हा, हे त्यांच्या प्रकृतीस झेपणारे नाही, असा गवगवा झाला. ती शर्यत जी बंद पडली, ती १९६० पर्यंत पुन्हा आली नाही.

अशा काळात, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, डानाबाई प्रथम उतरल्या. भाला गेला ३९.६४ मीटर आणि क्रमांक लागला सातवा. एमिल मात्र तेथून दहा हजार मीटरचे सुवर्णपदक घेऊन परतले. ह्या सातव्या क्रमांकावर त्यांनी खेळाचा निरोप घेतला असता, तर कोणीही त्यांस बोल लावला नसता. पण पुढची चार वर्षे त्यांनी सरावात घालविली.

१९५२ साल उजाडले. हेलसिंकीचे ते सामने आपल्याला परके नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी २३ जुलैला कुस्तीत कांस्यपदक मिळविले ते तेथेच. स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी मुंबईच्या मेरी डिसूझा धावल्या त्याही तेथेच. खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, एमिल पाच हजार मीटरची शर्यत जिंकले. डानाबाईंनी त्यांचे पदक शकुन म्हणून आपल्या पिशवीत टाकले आणि त्या मैदानात गेल्या. पहिल्याच फेकीत भाला ५०.४७ मीटरवर जाऊन पडला! हा ऑलिंपिकचा नवा उच्चांक होता. दुसऱ्या आलेल्या रशियाच्या चुदिना यांची फेक केवळ ४६ सेंटिमीटरने कमी पडली. एकाच दिवशी एकाच घरात दोन सुवर्णपदके आली.

पुढे एमिल थट्टेने पत्रकारांना म्हणाले, माझ्या विजयानेच हिला स्फूर्ती मिळाली. त्यावर डानाबाईंनी सांगितले ते असे : मग दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन पाहा, तिचा भाला पन्नास मीटर जातो का! संसारातील हे गोड भांडण होते. तरी त्यातील मुद्दा खरा आहे. शकुनाचे पदक पिशवीतच होते. भाला फेकला तो डानाबाईंच्या हाताने, आणि चार वर्षांत जवळजवळ ११ मीटरची भर पडली ती त्यांच्या कष्टांनी.

त्यांचे सर्वांत मोठे यश तर अजून पुढेच होते. १९५४ साली बर्न येथे त्या युरोपच्या विजेत्या झाल्या. १९५६ साली मेलबर्नला त्यांचा क्रमांक चौथा लागला आणि पदक हुकले. पण १ जून १९५८ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी ५५.७३ मीटरचा जागतिक उच्चांक केला. दोन महिन्यांच्या आत ऑस्ट्रेलियाच्या ॲना पाझेरा यांनी तो मोडला, तरी डानाबाई खचल्या नाहीत. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम येथे ५६.०२ मीटर भाला फेकून त्या पुन्हा युरोपच्या विजेत्या ठरल्या. १९६० साली रोमला ५३.७८ मीटरच्या फेकीने त्यांना रौप्यपदक मिळाले, तेव्हा त्यांचे अडतिसावे वर्ष संपत आले होते. एमिल त्यापूर्वीच स्पर्धांतून निवृत्त झाले होते.

पुढचे दिवस कठीण आले. १९६८ साली प्राग येथे स्वातंत्र्याची जी चळवळ झाली तिला एमिल यांनी उघड पाठिंबा दिला. परकी रणगाडे देशात शिरले आणि चळवळ दडपली गेली. एमिल यांना सैन्यातून काढण्यात आले, आणि कित्येक वर्षे घरापासून दूर अंगमेहनतीची कामे करावी लागली. ह्या साऱ्या काळात डानाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये राजवट पालटल्यावर त्यांचा मान त्यांना परत मिळाला. एमिल २००० साली वारले. डानाबाई १३ मार्च २०२० रोजी, ९७ व्या वर्षी निवर्तल्या.

आपल्याकडेही हा खेळ नवा नाही. १९५८ च्या टोकियो येथील आशियाई सामन्यांत एलिझाबेथ डेव्हनपोर्ट यांनी भालाफेकीत भारतास रौप्यपदक मिळवून दिले. सुवर्ण येण्यास मात्र २०२३ साल उजाडले. हांगझोऊ येथे अन्नू राणी यांनी ६२.९२ मीटर फेक करून ते आणले.

पतीच्या कीर्तीचा डानाबाईंनी कधी हेवा केला नाही, आणि आपल्या कीर्तीचे श्रेयही त्यांनी दुसऱ्यास देऊन टाकले नाही. आपल्या घरांतून ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदाव्यात. एखाद्या लेकीने वा सुनेने काही करून दाखविले, तर कोणाची कोण हे विचारण्याआधी तिचे स्वतःचे नाव आपण घ्यावे. आपल्या मंडळाने एवढी प्रथा पाडली तरी पुष्कळ झाले.