बॅटरी कुणाच्या हातात?

आज इतिहास सांगायचा आहे तो बॅटरीचा. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च म्हणतात. आपण बॅटरीच म्हणतो, आणि तिच्या पोटात घालतो ते सेल. आठवडी बाजारात आज ढीगभर बॅटऱ्या मांडलेल्या असतात. कोणती घ्यावी असं गटातल्या बायका मला विचारतात. माझं उत्तर एकच असतं : आधी सेल बघा, मग बॅटरी. असं का, ते तिच्या इतिहासातून कळतं.

सेलची सुरुवात झाली फ्रान्समध्ये. जॉर्ज लेक्लांशे नावाच्या माणसानं १८६६ साली एक सेल बनवला. काचेची बरणी, तिच्यात नवसागराचं पाणी, एका बाजूला जस्ताची कांडी आणि दुसऱ्या बाजूला मँगनीजच्या काळ्या भुकटीत रोवलेला कार्बन. नवसागर आपल्या ओळखीचा आहे. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर टाकायचा, तोच हा. या बरणीतून वीज मिळायची, पण बरणी कलंडली की पाणी सांडायचं. हातात घेऊन चालायची सोयच नव्हती.

१८८६ साली जर्मनीच्या कार्ल गासनरनं ही अडचण सोडवली. त्यानं नवसागर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवला आणि जस्ताची कांडी न ठेवता जस्ताचंच भांडं केलं. सांडायला पाणी उरलं नाही. आपल्या साध्या सेलचा मूळ पुरुष हाच. आणि एक लक्षात ठेवा, सेलचं भांडंच जस्ताचं आहे. सेल वापरला की ते जस्त झिजतं. फार दिवस आत राहिला की भांड्याला भोक पडतं आणि आतला चिकट रस बाहेर येतो. बॅटरीच्या स्प्रिंगवर पांढरी बुरशी दिसते ना, ती यामुळे.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या इंग्रज माणसाला १० जानेवारी १८९९ रोजी हातातल्या दिव्याचं पेटंट मिळालं. कागदी नळी, तिच्यात एकापुढे एक तीन मोठे सेल, तोंडाशी बल्ब. कंपनीनं काही बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिल्या. तेव्हाचे सेल इतके अशक्त आणि बल्ब इतका खादाड, की दिवा सलग लावून ठेवता येत नसे. क्षणभर लावायचा, बंद करायचा. म्हणून तिकडे त्याला फ्लॅशलाइट म्हणजे लखकन चमकणारा दिवा असं नाव पडलं.

आपल्याकडे १९३४ साली कोलकात्यात एव्हरेडी कंपनीची नोंदणी झाली. नऊच्या आकड्यातून उडी मारणारी मांजर आणि लाल सेल पुढे घराघरात पोचले. या सेलमधल्या काळ्या भुकटीचं नातं आपल्या मातीशी आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे. तिथलं मँगनीज सेलच्या कारखान्यांना लागतं. इंग्रजांच्या काळी या भागातल्या मँगनीजच्या खाणींवर बायकाही मोठ्या संख्येनं मजुरी करायच्या. खडक फोडणं, पाट्या वाहणं ही कामं त्यांनी केली.

पण त्या मँगनीजची बॅटरी घरात आली ती कुणाच्या हातात? दोन किंवा तीन सेलची जड बॅटरी घरच्या कारभाऱ्याच्या उशाशी असायची. रात्री दारं धरायला जाताना तो ती न्यायचा. सेल महाग, म्हणून पोरांनी हात लावला की ओरडा बसायचा. सेल उतरले की उन्हात वाळत घालायचे. ऊब मिळाली की आतली रसायनं थोडी जोरानं काम करतात आणि चार रात्री निघतात. बायकांच्या वाट्याला चिमणी नाहीतर कंदील. वाऱ्यानं चिमणी विझायची. कंदिलाचा उजेड आपल्याच डोळ्यांवर यायचा, वाट अंधारीच राहायची. पहाटे परसाकडे जाणारी बाई तर बहुतेक वेळा अंधारातच जायची.

बॅटरी लहान होत नव्हती याचं कारण बल्ब. तार लाल होईपर्यंत तापायची, तेव्हा कुठे उजेड पडायचा. बहुतेक वीज उष्णतेत जायची. म्हणून मोठे सेल लागायचे. १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी भरपूर उजेड देणारा निळा एलईडी तयार केला आणि त्यावरून पांढरा एलईडी निघाला. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. तेवढ्याच विजेत कितीतरी पट जास्त उजेड पडू लागला आणि बॅटरी मुठीत मावली.

याचा आपल्याशी संबंध असा की आता घरात एकच बॅटरी असण्याचं कारण उरलं नाही. लाइट रात्रीची येते, तेव्हा मोटार चालू करायला बाईही जाते. आशाताई रात्री बाळंतपणाला जाते. पावसाळ्यात गोठ्यात मण्यार निघते, पायवाटेवर घोणस पडलेली असते. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असावीत, असा २०२० साली छापलेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. पायात बूट आणि पावलापुढे उजेड, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोबाइलचा उजेड आहे की, असं कुणी म्हणेल. पण रात्री मोबाइलची बॅटरी संपली तर १०८ ला फोन कशावरून लावणार?

आता निवड. बाजारात पाच तऱ्हेच्या बॅटऱ्या भेटतील.

पहिली, साध्या सेलची. सेल दीड व्होल्टचा, कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. उजेड हळूहळू मंद होतो, म्हणजे आधी सूचना मिळते. रोज थोडी लागणारी असेल तर चांगली. पण महिनोन् महिने सेल आत ठेवू नका.

दुसरी, अल्कलाइन सेलची. हा सेल लुईस अरी यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत विकसित केला. मापं तीच : भिंतीवरच्या घड्याळाचा सेल, रिमोटचा बारीक सेल. महाग असतो, पण जास्त टिकतो आणि नुसता ठेवला तरी काही वर्षं ताकद धरून राहतो. अडीअडचणीला ठेवायच्या बॅटरीसाठी हाच घ्या. हा सेल चार्ज करायचा नसतो.

तिसरी, निकेलच्या चार्जिंग सेलची. सेल घड्याळाच्याच मापाचा, पण १.२ व्होल्टचा. शेकडो वेळा चार्ज होतो. वेगळा चार्जर घ्यावा लागतो. गटानं मिळून एक चार्जर घेतला तर परवडतो. शिवाय तो संपला तर त्याच बॅटरीत दुकानातला अल्कलाइन सेल बसतो, ही मोठी सोय.

चौथी, भिंतीच्या प्लगात खोचायची स्वस्त बॅटरी. हिच्यात पुष्कळदा शिशाचा छोटा सेल असतो. तो रिकामा पडून राहिला की खराब होतो. वापरा न वापरा, महिन्याला एकदा तरी चार्ज करा. सेल बदलता येत नसेल तर तो गेल्यावर सगळी बॅटरीच फेकावी लागते.

पाचवी, लिथियमची. हा सेल सोनी कंपनीनं १९९१ मध्ये बाजारात आणला. त्यावर ‘१८६५०’ असा आकडा दिसेल. तो त्याचं माप सांगतो : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एका सेलमध्ये घड्याळाच्या साधारण तीन अल्कलाइन सेलांइतकी ताकद मावते आणि तो मोबाइलच्या चार्जरवर भरता येतो. रोज लांब चालणारीला ही उत्तम. मात्र फसवणूक इथेच जास्त. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारणपणे ३५०० ते ३६०० एमएएच मावतात. ९९०० लिहिलेला दिसला की समजा, थाप आहे. सुटा सेल नाण्यांच्या बटव्यात टाकू नका, दोन्ही टोकं जोडली गेली तर तो पेटू शकतो. फुगलेला सेल वापरू नका आणि कुठलाही सेल चुलीत टाकू नका.

किल्लीला लावायच्या चिमुकल्या बॅटरीत बटणासारखा सेल असतो. तो पोरांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

मग घेताना चार गोष्टी बघा. सेल आपल्या गावात मिळतो का, किंवा घरच्या चार्जरवर भरतो का. बटण अंधारात अंगठ्यानं सापडतं का. मंद उजेडाची सोय आहे का, कारण पायवाटेला मंद उजेड पुरतो आणि सेल खूप वेळ पुरतो. आणि अडकवायला दोरी आहे का, म्हणजे डोक्यावर भारा असला तरी ती मनगटाला राहते.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घरातली बॅटरी घेऊन या. झाकण उघडून सेल बघू, बुरशी पुसू, उतरलेले सेल वेगळे काढू. ज्या बहिणीकडे स्वतःची बॅटरी नाही तिचं नाव लिहून घेऊ आणि गटातून एकदम खरेदी करू. घरच्या बॅटरीसाठी कुणाला विचारावं लागू नये, एवढं तरी यंदाच्या पावसाळ्याआधी करूया.