डिकीतली हवा आणि खर्जाचे गणित

२००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मोटारींसंबंधी एक छोटीशी तरतूद होती. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटरच्या, डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरच्या आत, अशा मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. मागे स्वतंत्र डिकी असलेली, तरीही चार मीटरच्या आत कशीबशी बसवलेली सेदान ही खास भारतीय गाडी या तरतुदीतून जन्माला आली. २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली. २०१२ मध्ये मारुतीची डिझायर मागून आखूड होऊन ३९९५ मिलिमीटरची झाली आणि तिच्या डिकीचे आकारमान ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आले.

प्रवासी सामानाच्या दृष्टीने ही एका मोठ्या बॅगेची गोष्ट. डिकीत सबवूफर बसवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती बरीच मोठी. कारण खर्ज हा वॅटपेक्षा लिटरवर अधिक अवलंबून असतो. दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ असा विचारते. खरा प्रश्न ‘किती लिटरच्या खोक्यात?’ हा आहे, आणि त्याचे नेमके उत्तर देता येण्यास ध्वनिशास्त्राला जवळजवळ अर्धे शतक लागले.

आज वापरात असलेल्या स्पीकरचे मूळ रूप अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडले. तोपर्यंत मोठा आवाज हवा तर कर्णा हवा, अशी समजूत होती. या दोघांनी कर्णा काढून टाकला आणि चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला कागदी शंकू जोडला. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या स्वरांना पुढून मागे वळून जाण्यास भरपूर वेळ मिळतो. दाब आणि विरळपणा एकमेकांना भेटतात आणि आवाज जागच्या जागी विरतो. शंका असेल त्याने एखादा वूफर खोक्याबाहेर काढून वाजवून पाहावा. शंकू जिवाच्या आकांताने हलताना दिसतो, ऐकू मात्र फारसे काही येत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे पुढची आणि मागची हवा एका फळीने वेगळी करणे. परंतु ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरहून अधिक असते. तिला पुरून उरणारी फळी म्हणजे घराची भिंतच. म्हणून फळी दुमडून तिचा बंद खोका केला, तर दुसरे संकट उभे राहते. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोका जितका लहान, तितकी ती स्प्रिंग ताठ. आणि स्प्रिंग जितकी ताठ, तितकी शंकूची अनुनाद वारंवारता वर सरकते. त्या वारंवारतेच्या खाली आवाज झपाट्याने घसरतो. थोडक्यात, खर्ज वाचवण्यासाठी केलेला खोकाच खर्ज खातो.

बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज करून वेगळीच वाट दाखवली (पेटंट मिळाले १९३२ मध्ये). मागची लहर वाया का घालवायची? खोक्याला एक भोक ठेवून त्यात नळी बसवली, तर नळीतली हवा वस्तुमानासारखी आणि खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि ठरावीक वारंवारतेला ही जोडी झुलू लागते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो घुमणारा स्वर निघतो, तो हाच. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात अशा अनुनादकांचा सविस्तर उपयोग केला होता. थुरास यांनी तेच तत्त्व खोक्याच्या भिंतीत बसवले. झुलण्याच्या त्या वारंवारतेपाशी नळीतून येणारी हवा शंकूच्या पुढच्या हवेला छेद देत नाही, उलट साथ देते.

विद्यार्थ्यांनी हे आकडे एकदा स्वतः मांडून पाहावेत. खोका ४० लिटरचा, नळीचा व्यास १० सेंटिमीटर आणि अपेक्षित स्वर ३५ हर्ट्झ. हेल्महोल्ट्झचे सूत्र नळीची परिणामी लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर सांगते. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही तिच्यासोबत हलते. ती वजा केल्यावर प्रत्यक्ष नळी सुमारे ४० सेंटिमीटरची कापावी लागते. ती नळी स्वतःच तीन लिटर जागा खाते, म्हणून खोका तेवढा मोठा हवा. बाजारात मिळणाऱ्या तयार खोक्यांपैकी अनेकांचा आवाज ‘धप्प’ असा एकसुरी का येतो, याचे एक कारण इथे सापडते. नळी सोयीच्या लांबीची कापलेली असते, हिशेबाच्या नव्हे.

एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये प्रश्नच उलटा केला. कोंडलेली हवा शत्रू मानण्याऐवजी तीच मुख्य स्प्रिंग का मानू नये? कागदाची आणि कापडाची लवचीकता सर्वत्र सारखी नसते, शंकू दूर गेला की ती वाकडी वागते. हवेची स्प्रिंग त्या मानाने पुष्कळच सरळमार्गी. त्यांनी शंकूचा आधार मुद्दाम अतिशय सैल ठेवला आणि त्याला सावरण्याचे काम छोट्या बंद खोक्यातील हवेवर सोपवले. हेन्री क्लॉस यांच्या साथीने केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे बनवलेला त्यांचा एआर-१ हा स्पीकर त्या वर्षीच्या न्यूयॉर्कच्या ध्वनिप्रदर्शनात ठेवला गेला, तेव्हा कपाटाएवढ्या खोक्यांचा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या खोक्यातून ऐकू आला. १९५६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे हॅरी ओल्सन यांच्या जुन्या पेटंटमुळे न्यायालयात ते टिकले नाही, आणि व्हिलचर यांनी अपीलही केले नाही. नंतरच्या आयुष्यात ते श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले. तिथला आपला शोध त्यांनी पेटंटशिवाय सर्वांना खुला ठेवला.

बंद खोक्यात कापसासारखे तंतू भरण्याची पद्धत आजही आहे, आणि कारागीर ‘कापूस भरला की खोका मोठा होतो’ असे सांगतात. हे विधान शब्दशः खरे मानू नये; पण ते निराधारही नाही. न्यूटनने ध्वनीचा वेग काढताना हवा दाबली गेली तरी तिचे तापमान बदलत नाही, असे धरले होते. उत्तर कमी आले. लाप्लासने चूक दाखवली: ध्वनीची कंपने इतकी जलद असतात की उष्णतेला बाहेर पडण्यास सवड मिळत नाही, म्हणून हवा १.४ पट ताठ वागते. खोक्यातले तंतू ही उष्णता क्षणभर शोषून परत देतात, म्हणजेच हवेला न्यूटनच्या गृहीतकाकडे ओढतात. स्प्रिंग सैल होते आणि खोका असल्यापेक्षा मोठा भासतो. सिद्धांताची मर्यादा ४० टक्के. प्रत्यक्षातला लाभ त्याहून बराच कमी.

तरीही खोका किती लिटरचा, हे अजून बरेचसे कानाने आणि चुकतमाकतच ठरत होते. ते गणित सोडवले ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी. स्पीकर, खोका आणि नळी मिळून जे काही घडते, ते विद्युत फिल्टरच्या समीकरणांशी तंतोतंत जुळते, हे त्यांनी पुढे नेले. आणि फिल्टरचे गणित तर दूरसंचाराच्या अभियंत्यांनी आधीच करून ठेवले होते. १९६१ मध्ये हा निबंध ऑस्ट्रेलियातील रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि जगाच्या दृष्टीने दहा वर्षे जवळपास पडून राहिला. सिडनी विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी त्यावर पुढचे काम उभारले. १९७१ मध्ये मूळ निबंध अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुनर्मुद्रित झाला आणि पाठोपाठ, १९७२-७३ मध्ये, स्मॉल यांची लेखमालाही. आज सबवूफरच्या माहितीपत्रकात जे ‘थील-स्मॉल’ आकडे छापलेले असतात, त्यांची ही जन्मकथा.

त्यांतले तीन आकडे पुरेसे आहेत: मोकळ्या हवेतली अनुनाद वारंवारता, कंपन किती लवकर शमते हे सांगणारा क्यू, आणि शंकूच्या आधाराइतकीच लवचीक असलेली हवा किती लिटर. समजा हे आकडे अनुक्रमे ३० हर्ट्झ, ०.५ आणि ६० लिटर आहेत. ६० लिटरच्या बंद खोक्यात स्प्रिंग दुप्पट ताठ होते, म्हणून वारंवारता आणि क्यू दोन्ही दोनाच्या वर्गमुळाने वाढतात: ४२ हर्ट्झ आणि ०.७१. हा आवाज सपाट आणि नेटका. खोका ३० लिटरवर आणला तर ५२ हर्ट्झ आणि ०.८७, खालचा खर्ज गेला आणि वर किंचित घुमार आला. वॅट वाढवून हा स्वभाव बदलत नाही.

हे सारे संशोधन घरातल्या दिवाणखान्यासाठी झाले होते. मोटारीत ते उतरले, तेव्हा मोटारीनेच अनपेक्षित मदत केली. अडीच मीटर लांबीच्या बंद जागेत सुमारे ७० हर्ट्झच्या खाली अर्धी तरंगलांबीसुद्धा मावत नाही. तिथे लहर अशी उरतच नाही. सबवूफर सगळ्या हवेचा दाबच एकदम कमीजास्त करतो. त्यामुळे स्वर जसजसा खाली जातो तसतसा दाब वाढतो, आदर्श स्थितीत सप्तकामागे १२ डेसिबलने. बंद खोक्याचा खर्ज अनुनादाखाली सप्तकामागे नेमका १२ डेसिबलनेच घसरतो. एकाची घसरण दुसऱ्याची चढण झाकते. काचांच्या फटी आणि थरथरणारे पत्रे हा मेळ पूर्ण जमू देत नाहीत, तरी मोटारीत साधा बंद खोका इतका चांगला का वाजतो, याचे उत्तर यातच आहे. हॅचबॅकमध्ये डिकी आणि बैठक एकाच हवेत असतात; सेदानमध्ये मागच्या सीटची आडकाठी मध्ये येते. डिकीत सीएनजीची टाकी असली, तर लिटरचा सगळाच हिशेब नव्याने मांडावा लागतो.

विजेचीही एक मर्यादा आहे. चालू गाडीच्या १४.४ व्होल्टमधून चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ ध्वनीसाठी तत्त्वतः २६ वॅटच मिळू शकतात. अधिक हवे तर ॲम्प्लिफायरला आत व्होल्टेज वाढवून घ्यावे लागते, आणि ५०० वॅट म्हणजे बॅटरीकडून ४० अँपियरहून अधिक. अशी जाड तार बॅटरीपासून डिकीपर्यंत पत्र्याला घासत जाते. म्हणून फ्यूज बॅटरीपाशीच हवा, डिकीत नव्हे. ही चूक आवाज बिघडवत नाही, गाडी पेटवते.

खोक्यातून सुटलेला खर्ज शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचतो, तेव्हा कायदा सुरू होतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, आणि ती डेसिबलच्या ‘ए’ मापात आहे. या मापाचे मूळ बेल प्रयोगशाळेतच सापडते. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये माणसाच्या कानाची संवेदनशीलता मोजली. हलक्या आवाजात कान खर्जाला जवळपास बहिरा असतो, म्हणून ‘ए’ मापात ५० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा केले जातात आणि ३१.५ हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३९. पण आवाज चढला की कानाचा हा बहिरेपणा बराच ओसरतो, वजाबाकी मात्र तशीच राहते. खिडकीची तावदाने थरथरवणारा ५० हर्ट्झचा ८० डेसिबलचा स्वर ‘ए’ मापात ५० च भरतो आणि दिवसाच्या मर्यादेत सहज बसतो. अनेक ध्वनिमापकांवर ‘सी’ मापही असते. त्यात ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल वजा होतो. नियमांच्या परिशिष्टात मात्र उल्लेख आहे तो फक्त ‘ए’चा.