शून्य-उत्सर्जन बस : कायदा आणि मावळ

शून्य-उत्सर्जन बस म्हणजे चालताना धूर न सोडणारी, बॅटरीवर किंवा हायड्रोजनवर धावणारी बस. यातले ‘शून्य’ गाडीपुरतेच असते. बॅटरीत भरलेली वीज कोळशाची असेल, तर धूर औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतोच. डिझेल बस हटवण्याची सक्ती काही ठिकाणी कायद्याने झाली आहे. कॅलिफोर्नियाच्या २०१८च्या नियमाप्रमाणे २०२९पासून सार्वजनिक बससेवांना नवी गाडी शून्य-उत्सर्जनच घ्यावी लागेल आणि २०४०पर्यंत सारा ताफा बदलावा लागेल. युरोपीय संघाने नव्या शहर बससाठी २०३५ हे वर्ष ठरवले आहे. महाराष्ट्रात अशी सक्ती नाही. इथला बदल धोरण, माफी आणि कंत्राट यांच्या भरवशावर चालला आहे.

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्याला वीज नवी नाही. वळवण, लोणावळा आणि शिरोटा या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५मध्ये वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. १९३०पर्यंत बोरघाटातली रेल्वेही विजेवर आली. घाटातली बस मात्र पुढची नव्वद वर्षे इंधन जाळतच चढत राहिली.

मोटार वाहन हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. ऑक्टोबर २०१८मध्ये केंद्राने बॅटरीवरील वाहतूक वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट दिली. राज्याच्या २०२१च्या विद्युत वाहन धोरणात एसटीच्या ताफ्यातील १५ टक्के बस २०२५पर्यंत विजेवर आणण्याचे उद्दिष्ट होते, आणि पूर्ण चार्जिंग-सोय करायच्या महामार्गांत मुंबई-पुणे मार्गाचे नाव होते. २०२५च्या नव्या धोरणाने विजेवरच्या मोटारी आणि बस यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. या मार्गावरचा उर्से टोलनाका मावळातलाच.

धोरणातले उद्दिष्ट हुकले तर जाब विचारायला कायद्याचा आधार नसतो, आणि नेमके हेच घडले. २०२३मध्ये एसटीने ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. पुरवठा वेळापत्रकाच्या फार मागे पडला आणि मे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले. वास्तविक सरकारच्या हाती साधन आहे. ज्या १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली एसटी चालते, त्याच्या कलम ३४ने राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते. १९८१च्या वायुप्रदूषण कायद्याचे कलम २० वाहनांच्या धुराबाबत नोंदणी अधिकाऱ्यांना सूचना देण्याची मुभा देते. तारीख घालून दिलेला असा एक निर्देश दहा घोषणांपेक्षा जास्त उपयोगी पडला असता.

एसटीची पहिली विजेवरची बस, शिवाई, १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर निघाली. १९४८मध्ये एसटीची पहिली गाडी याच तारखेला याच मार्गावर धावली होती. मे २०२३मध्ये ई-शिवनेरी आली आणि बोरघाटात विजेची एसटी दिसू लागली. घाट हा अशा बसची परीक्षाही आहे आणि तिचा फायदाही. चढताना बॅटरी झपाट्याने उतरते. उतरताना मोटरच जनित्र होऊन काही वीज परत भरते आणि ब्रेकवरचा ताण हलका होतो.

पण ई-शिवनेरी मुंबई आणि पुण्याला जोडते, ती मावळातून नुसती जाते. पवन, नाणे आणि आंदर मावळातल्या शाळकरी मुलांना, दूध-भाजी घेऊन निघालेल्या बायकांना आपल्या गावाची लाल गाडी हवी असते, आणि तिची गरज वेगळी आहे. मुक्कामाची एसटी रात्री आगारात परतत नाही. ती गावातच उभी राहते आणि पहाटे सुटते. डिझेलची टाकी आगारातून भरून आणता येते, पण विजेच्या गाडीला मुक्कामाच्या गावीच, पावसाळ्यातही न जाणाऱ्या विजेवर, चार्जर लागेल. २०२५च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राची तरतूद आहे. मुक्कामाची गावे महामार्गापासून दूर, धरणांच्या काठाने आत गेलेली आहेत.