डेबियन पॅकेज-सूची

डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीत उपलब्ध असलेल्या आज्ञावलींची, इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी यंत्रवाचनीय सूची. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयन मर्डॉक (१९७३–२०१५) यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला. स्वयंसेवकांनी सिद्ध केलेली प्रत्येक आज्ञावली स्वतंत्र ‘पॅकेज’च्या रूपाने देण्याची पद्धत या प्रकल्पाने अवलंबिली.

एक पॅकेज बहुधा इतर पॅकेजांवर अवलंबून असते. सूचीत प्रत्येक पॅकेजासाठी एक नोंद असून तिच्यात नाव, आवृत्ती, अवलंबित्व, साठवणीचे स्थान, आकारमान व वर्णन ही माहिती ठराविक शीर्षकांखाली साध्या मजकुरात दिलेली असते. त्यामुळे ती माणसाप्रमाणेच यंत्रालाही वाचता येते. १९९६ मधील १·१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. १९९९ मधील २·१ या आवृत्तीत ती सुमारे २,२५० झाली. याच आवृत्तीबरोबर आलेली ‘एपीटी’ ही आज्ञावली सूची उतरवून घेऊन लागणारी सर्व पॅकेजे आपोआप आणू लागली. २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत पॅकेजांची संख्या ६४,००० हून अधिक झाली.

निवडीचे काम यंत्राकडे गेल्यामुळे सूचीच्या विश्वासार्हतेला विशेष महत्त्व आले. कारण सूचीत कोणी फेरफार केल्यास असंख्य संगणकांवर घातक आज्ञावली नकळत बसू शकतात. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकल्पाच्या काही संगणकांत परक्यांनी शिरकाव केला. पॅकेजांचा संग्रह सुरक्षित असल्याचे तपासणीअंती आढळले, तरी धोका स्पष्ट झाला. २००७ मधील ४·० या आवृत्तीपासून एपीटी सूचीची सत्यता अंकीय स्वाक्षरीवरून पडताळू लागली. सूचीत प्रत्येक पॅकेजाची गणिताने काढलेली ओळखसंख्या असते, सूचीची ओळखसंख्या दुसऱ्या एका लहान संचिकेत नोंदलेली असते आणि त्या संचिकेवर प्रकल्पाची स्वाक्षरी असते. अशा रीतीने एका स्वाक्षरीच्या आधारे संपूर्ण संग्रह पडताळता येतो.

मात्र पॅकेज वाटेत बदललेले नाही, एवढेच या स्वाक्षरीने सिद्ध होते. ते मुळात निर्दोष असल्याची ग्वाही तीतून मिळत नाही. ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत मुळातच दडविलेला घातक भाग मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला. तोपर्यंत तो डेबियनच्या चाचणी-आवृत्तीपर्यंत पोहोचला होता. स्थिर आवृत्तीला त्याची बाधा झाली नाही. तो यंत्राच्या पडताळणीत सापडला नव्हता. संगणकाच्या कामातील किंचित विलंबाचे कारण शोधणाऱ्या एका अभियंत्याच्या तो लक्षात आला.