सी प्लस प्लस भाषेचा मानक वर्गसंग्रह

सी प्लस प्लस या वस्तुकेंद्री संगणकभाषेत आज्ञावली लिहिताना वारंवार लागणाऱ्या तयार घटकांचा, आंतरराष्ट्रीय मानकाने निश्चित केलेला संच. माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र बांधणाऱ्या घटकास या भाषेत वर्ग म्हणतात. मजकूर, याद्या, कोष्टके, क्रमवारी, शोध इत्यादींची साधने या संचात येतात.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७९ मध्ये या भाषेच्या कामास प्रारंभ केला. १९८५ मध्ये ती विक्रीस आली, तेव्हा तिच्यासोबत मूलभूत वर्गांचा पुरेसा संग्रह नव्हता. ही मोठी चूक झाली, असे स्ट्राउस्ट्रुप यांनी पुढे स्वतःच नमूद केले. ही उणीव प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने भरून काढली. केवळ मजकूर साठविण्यासाठी निरनिराळे ‘स्ट्रिंग’ वर्ग निर्माण झाले. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी या संग्रहात (१९९२) ‘सीस्ट्रिंग’ हा असाच स्वतंत्र वर्ग होता. परिणामी भाषा एकच असूनही एका संग्रहावर आधारलेली आज्ञावली दुसऱ्या संग्रहाशी सहजासहजी जुळत नसे.

भाषेच्या मानकीकरणासाठी १९८९ मध्ये अमेरिकन समिती स्थापन झाली व १९९१ पासून त्यास आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. त्या काळी प्रचलित असलेले अनेक संग्रह स्मॉलटॉक भाषेच्या धर्तीवर, एका मूळ वर्गापासून वारशाने उतरणाऱ्या वर्गांच्या वंशवृक्षासारखे रचलेले होते. ह्यूलेट-पॅकार्ड प्रयोगशाळेतील अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांनी निराळा मार्ग स्वीकारला. माहितीचे संचयक एकीकडे व त्यांवरील क्रिया दुसरीकडे ठेवून ‘इटरेटर’ या दुव्याने त्यांनी ती जोडली. दहा संचयक व वीस क्रिया असतील, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळी मांडणी करावयाची झाल्यास दोनशे मांडण्या लागतात. या पद्धतीत तत्त्वतः तीसच पुरतात. शिवाय माहिती वाढत गेल्यास प्रत्येक क्रियेचे श्रम किती वाढावेत, याची मर्यादाही त्यांनी घालून दिली.

स्टेपानोव्ह यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये सॅन होजे येथील बैठकीत या कल्पना मांडल्या. मानकाचा मसुदा बराच पुढे गेला असतानाही जुलै १९९४ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथे समितीने हा प्रस्ताव स्वीकारला. त्याच वर्षी ह्यूलेट-पॅकार्डने त्याची आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य खुली केल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. १९९८ मध्ये आयएसओ १४८८२ हे मानक प्रसिद्ध झाले. अशा रीतीने वस्तुकेंद्री म्हणून ख्यात झालेल्या भाषेच्या मानक संग्रहाचा मोठा भाग वर्गांच्या वारशावर आधारलेला नाही.

उशिराची किंमतही द्यावी लागली. ‘हॅश’ कोष्टके वेळेअभावी १९९८ च्या मानकातून वगळली गेली. दरम्यान निरनिराळ्या उत्पादकांनी ‘हॅश_मॅप’ या नावाने आपापली कोष्टके प्रचारात आणली. ती परस्परांशी जुळत नसल्याने २०११ च्या मानकात तोच प्रकार ‘अनऑर्डर्ड_मॅप’, म्हणजे क्रमरहित कोष्टक, या नव्या नावाने समाविष्ट करावा लागला. मानक फार लवकर केल्यास अपक्व रचना कायम होते, तर विलंब केल्यास प्रत्येकाची वेगळी रूढी आधीच दृढ झालेली असते. या भाषेच्या इतिहासात या दुसऱ्या संकटाची खूण एका नावाच्या रूपाने टिकून राहिली आहे.