सिकलसेलग्रस्तांना पार्व्हो विषाणूचा धोका

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. निरोगी व्यक्तीची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलसेलग्रस्ताची साधारणतः १० ते २० दिवसच. ही झीज भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेला अखंड नव्या पेशी तयार कराव्या लागतात. या कामात खंड पाडणारा विषाणू म्हणूनच अशा रुग्णांसाठी घातक ठरतो.

‘पार्व्हो बी-१९’ हा असा विषाणू होय. त्याचा शोध १९७० च्या दशकात लंडनमध्ये लागला आणि १९८१ मध्ये सिकलसेलग्रस्त मुलांतील तीव्र रक्तक्षयाशी त्याचा संबंध स्पष्ट झाला. खोकल्या-शिंकण्यातून पसरणारा हा विषाणू अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या जनक पेशी नष्ट करतो. त्यामुळे साधारण आठवडा ते दहा दिवस तांबड्या पेशींची निर्मिती थांबते. निरोगी मुलाला किरकोळ ताप व अंगावर पुरळ यापलीकडे फारसा त्रास होत नाही. सिकलसेलग्रस्त मुलाचे हिमोग्लोबिन मात्र काही दिवसांतच धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

तापानंतर वाढता फिकेपणा, कमालीचा थकवा, धाप व छातीत धडधड ही त्याची लक्षणे आहेत. हिमोग्लोबिनसोबत रेटिक्युलोसाइट, म्हणजे नवजात तांबड्या पेशींची तपासणी केल्यास निदानाला दिशा मिळते. प्लीहेत अचानक रक्त साठल्यानेही हिमोग्लोबिन घसरते; परंतु त्या वेळी प्लीहा मोठी होते व नवजात पेशी सहसा वाढलेल्या असतात. पार्व्होच्या संसर्गात त्या जवळजवळ दिसेनाशा होतात. वेळेवर रक्त दिल्यास रुग्ण सावरतो आणि अस्थिमज्जेचे काम पूर्ववत सुरू होते. एकदा संसर्ग झाल्यावर बहुधा आयुष्यभर प्रतिकारशक्ती टिकते.

या विषाणूवर लस उपलब्ध नाही. म्हणून घरातील एका सिकलसेलग्रस्त मुलाला संसर्ग झाल्यास त्याच आजाराच्या भावंडांचीही रक्ततपासणी करावी. पार्व्होमुळे गर्भालाही धोका संभवत असल्याने गरोदर स्त्रियांनी रुग्णाचा निकट संपर्क टाळावा.

विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेश व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले असून तपासणी हा त्याचा प्रमुख भाग आहे. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कुटुंबाने त्याच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनची नोंद जवळ ठेवावी. ताप आल्यास तो अंगावर न काढता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; तेथे ही नोंद दाखवल्यास घसरण किती झाली, हे डॉक्टरांना तत्काळ कळते.